शाळा नाही, मग दिवसभर करता काय?

आमच्या गल्लीच्या तोंडाला कट्ट्यावर एक आबा बसतात. आम्ही थोरलीला शाळेतून काढलं हे त्यांच्या कानावर गेलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "शाहू महाराज असते तर म्हैन्याला रुपाया दंड बसला असता बघ तुला." आबांचं चुकलेलं नाही. १९१७ साली राजर्षी शाहूंनी करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि पोराला शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्याच कोल्हापुरात राहून पोरं घरी शिकवायची म्हणजे कट्ट्यावरच्या प्रत्येक आबाला द्यायला उत्तर जवळ हवं.

आमचं हे तिसरं वर्ष. थोरली आठ वर्षांची, धाकटा पाचचा. नवरा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत, पाळीनं. सासूबाई आमच्यातच असतात. मी घरी बसून दोन दुकानांचे हिशेब लिहिते. म्हणजे दिवसभर पोरांच्या मागे मोकळी असणारी बाई मी नव्हे, आणि घरशाळेला तशी बाई लागते हा पहिला गैरसमज. खालच्या पायऱ्या दिल्यात त्याच क्रमानं चढा. आम्ही उलट्या क्रमानं चढलो आणि पहिले सहा महिने पाण्यात घातले.

पायरी १ : आधी घरातली माणसं

आम्ही पुस्तकं आधी आणली, भिंतीला फळा ठोकला, आणि सासूबाईंना शेवटी सांगितलं. मग रोज कोणी पाहुणा आला की त्या चहाबरोबर तेच वाढायच्या, "पोरास्नी घरात बसवलंय हिनं." चूक माझी होती. ज्या घरात पोरं दिवसभर राहणार, त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा दिवसही बदलतो. दुपारची झोप जाते, देवपूजेत लुडबुड होते, टीव्ही बंद राहतो. ते त्यांना विचारूनच ठरवायला हवं.

यावर तोड अशी निघाली की त्यांना कामच दिलं. नुसतं "लक्ष ठेवा" नव्हे, नेमकं काम. रात्रीची गोष्ट त्यांची, परसातली झाडं त्यांची, आणि आठवड्यातून दोनदा भाकरी थापायला शिकवणं त्यांचं. आता पाहुण्यांना त्या सांगतात, "माझ्याकडं दोन पोरं शिकायला हाईत."

नवऱ्याशीही स्पष्ट बोलून घ्या. "तू बघ, मी पैसे बघतो" या बोलीवर घरशाळा वर्षभरही टिकत नाही. आमच्याकडे दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात सकाळचं गणित बाबांचं. पहिल्या पाळीच्या आठवड्यात ते चार वाजता दमून घरी येतात, तेव्हा फक्त सायकल आणि दंगा. पाळीप्रमाणे वेळापत्रक फिरतं, आणि त्याला इलाज नाही.

पायरी २ : कागद

सगळ्यात जास्त विचारतात ते हे, "कायद्यात बसतं का?" शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षण देण्याची सक्ती त्यात सरकारवर आहे. मुलाला शेजारच्या शाळेत घालणं हे आईबापांचं कर्तव्य असंही त्याच्या दहाव्या कलमात लिहिलंय, पण ते न पाळणाऱ्या आईबापाला शिक्षा कुठेच ठेवलेली नाही. घरशाळेचा तर कायद्यात उल्लेखच नाही, परवानगीचाही नाही नि बंदीचाही नाही. तेव्हा "परवानगीचं पत्र" मागत ऑफिसांच्या पायऱ्या झिजवू नका. आम्ही दोन हेलपाटे घातले, टेबलापलीकडच्या साहेबांनाही प्रश्न नवाच होता. कायद्याची बाजू ही अशी अर्धवट उजेडातली आहे, आणि ज्यांना तेवढ्यानं झोप लागणार नाही त्यांनी हा रस्ता धरू नये असं मी तोंडावर सांगते.

मूल शाळेत जात असेल तर शाळा सोडल्याचा दाखला घ्या, त्यावरचं नाव, जन्मतारीख, आईचं नाव काउंटरवरच तपासा. आमच्या दाखल्यावर जन्ममहिना चुकला होता, तो दुरुस्त व्हायला दिवाळी उलटली. जन्मदाखला, जातीचा असेल तर तो, आधार, सगळं एका फाइलमध्ये. आधारवर पाचव्या आणि पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे नव्यानं द्यावे लागतात. शाळेतल्या पोरांना कोणीतरी आठवण करतं, आपल्याला कोणी करत नाही.

लसींचंही तसंच. पाच-सहा वर्षांचा डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर, दहाव्या आणि सोळाव्या वर्षीची टीडी (धनुर्वात, घटसर्प). ती तारीख कॅलेंडरवर आपणच मांडायची. जंताची गोळी शाळेत वाटतात तशी अंगणवाडीतही मिळते. अंगणवाडीच्या ताईंशी ओळख ठेवा, फार उपयोगी बाई असते ती.

शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला कधीतरी शिक्षक दारात येतात. दार लावून घेऊ नका. चहा द्या, वह्या दाखवा, मुलांशी बोलू द्या. ते त्यांची नोकरी करतायत, आणि रस्त्यावर कचरा वेचणाऱ्या पोरांपर्यंत पोहोचायला तोच सर्व्हे लागतो.

एक तोटा आधीच माहीत असू द्या. शिष्यवृत्ती परीक्षेचा अर्ज शाळेमार्फत भरला जातो, नवोदयसाठीही मूल शाळेत पाचवीला असावं लागतं. आपल्या जिल्ह्यात स्कॉलरशिपचं केवढं वेड आहे हे सांगायला नको. मामा-काका त्यावरून बोलणारच.

पायरी ३ : काहीच शिकवू नका

हे लिहायला सोपं आहे. शाळेतून काढलेलं मूल पहिले काही आठवडे नुसतं लोळतं, कंटाळतं, भांडतं, फोन मागतं. आपल्या पोटात गोळा येतो. आम्ही घाबरून सकाळी नऊला घंटा वाजवायला लागलो, खरंच, पितळी, देवघरातली. तास पाडले, धाकट्याला हजेरी द्यायला लावली. पंधराव्या दिवशी थोरली म्हणाली, "आई, यापेक्षा शाळाच बरी होती, तिथं मधल्या सुट्टीत मैत्रिणी तरी होत्या." घंटा परत देवघरात गेली.

त्यानंतर दोन महिने काही शिकवलं नाही. गोष्टी वाचून दाखवल्या, बाजारात नेलं, स्वयंपाकघरात सोबत घेतलं. तिसऱ्या महिन्यात ती आपणहून वाण्याची यादी लिहायला बसली. "तांदुळ" असं लिहिलं होतं. दू नंतर दुरुस्त केला, त्या दिवशी नाही.

पायरी ४ : दिवसाला एकच खुंटी

पूर्ण वेळापत्रक घरात चालत नाही. गॅस संपतो, पाहुणे येतात, धाकट्याला जुलाब लागतात. पण काहीच ठरवलं नाही तर दुपारी चार वाजता आपण सगळ्यांवर ओरडत असतो. म्हणून दिवसाला एक खुंटी ठोका, आणि बाकीचा दिवस तिच्यावर टांगा. आमची खुंटी सकाळी साडेआठ ते साडेनऊ. न्याहारी झाली की चटई पसरायची, वाचन, थोडं लिखाण, थोडे आकडे. एक तास. या वयाला पुरतो. शाळेत चाळीस पोरांत प्रत्येकाच्या वाट्याला मास्तरांची किती मिनिटं येतात याचा हिशेब एकदा मांडून बघा, म्हणजे अपराधी वाटायचं बंद होईल.

धाकट्याचा प्रश्न मात्र मोठा. थोरली वाचायला बसली की याला नेमकी शू लागते, तहान लागते, पेन्सिल टोचते. माझा तोडगा म्हणजे त्या तासापुरतीच मिळणारी एक टोपली. तिच्यात कुलूप-किल्ल्या, नट-बोल्ट (फौंड्रीवाल्या बापाची कृपा), जुना कॅल्क्युलेटर, हरभरे आणि चिमटा. तास संपला की टोपली माळ्यावर. दिवसभर हाताशी ठेवली तर तिची जादू दोन दिवसांत उतरते. आणि त्याच्या दहा मिनिटांनी सुरुवात करा, तिच्या नाही. पोट भरलेलं वासरू गप्प बसतं.

साडेनऊनंतर घरातलं काम. धुणं वाळत घालणं, ताटं मांडणं, शेंगा सोलणं, मोटर कधी बंद करायची ते बघणं. मी हिशेब लिहायला बसते ती दुपारी बारा ते दोन, आणि पुन्हा रात्री.

पायरी ५ : वाचन

मराठी वाचायला मूळाक्षरांचा तक्ता अ पासून ज्ञ पर्यंत पाठ करायची गरज नाही. ग, म, भ, न, जुन्या लोकांनी ही जोडी उगाच लावली नाही, वळणं सारखी आहेत. चार अक्षरं आली की लगेच शब्द होतात, मग, नग, मन, गमन. मग र, स, ख. मग काना. कान्यानं एकदम जग उघडतं, मामा, नाना, गारा. बाराखडी नंतर येऊ दे. जोडाक्षरांना घाई नको. धाकटा "प्रकाश"ला अजून "परकाश" म्हणतो, आबाही तसंच म्हणतात.

बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट उतरवता येतात. ती घ्या, पण पानामागून पान रेटू नका. भवानी मंडपापासून फार लांब नसलेलं करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून चालू आहे. तिथं मुलाला स्वतःच्या हातानं पुस्तक काढायला लावणं हाच अर्धा धडा.

आणि एक आपल्याकडचा खास मुद्दा. आपल्या भागात पोरीबाळी "मी आलो, मी जातो" असंच बोलतात. पुस्तकात "मी आले, मी जाते" येतं. थोरलीनं विचारलं, "यातलं चूक कुठलं?" मी म्हटलं, कुठलंच नाही, एक घरचं आणि एक पुस्तकातलं. ती लिहिते "गेले" आणि धावत येऊन सांगते "मी गेलो होतो". मी सुधारत नाही. आज्जीची भाषा चुकीची ठरवून आज्जीकडून गोष्ट ऐकता येत नाही.

पायरी ६ : आकडे

मराठी आकड्यांत एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास ही गल्ली अंधारी आहे. पोर अठ्ठावीसनंतर नेहमी तिथं ठेचाळतं. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात "वीस सात" अशी पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. आम्ही दोन्ही वापरतो. आधी "वीस सात" म्हणून समजून घ्यायचं, मग "सत्तावीस" म्हणून पाठ करायचं. बाकी आकडे बाजारात. कपिलतीर्थ मंडईत पन्नास रुपये थोरलीच्या हातात द्यायचे, भाजी तिनंच घ्यायची, उरलेले तिनंच मोजून आणायचे. पहिल्यांदा भाजीवाल्या मावशींनी दोन रुपये जास्त दिले आणि हिनं परत केले. मावशींनी वर एक लिंबू घातलं. हातचा घेणं ती वहीवर आठ दिवसांत शिकली, आधी कळलेलं होतं म्हणून.

पायरी ७ : गावालाच वर्ग करा

याबाबतीत कोल्हापूरकरांसारखं नशीब कुणाचं नाही. पण ठिकाणं "दाखवू" नका. एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा जा.

जून ते सप्टेंबर आमचा एकच विषय, पंचगंगा. राजाराम बंधाऱ्यावरची पातळी रोज बातम्यांत येते, ती थोरली भिंतीवरच्या तक्त्यावर मांडते. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. "आज ३१, म्हणजे इशाऱ्याला किती कमी?" ही वजाबाकी तिनं कधी टाळली नाही, कारण उत्तराचा खरंच काही अर्थ असतो. गगनबावड्याला आज पाऊस कोसळला तर इथं पाणी कधी चढतं, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की काय होतं, कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या कुठून येतात, हे सगळं त्या एका तक्त्यात आलं. २०१९ आणि २०२१ ला पाणी पन्नास फुटांच्या पुढं गेलं होतं. ते तिला आज्जीनं सांगितलं, त्या दिवसांत आमच्याकडे माहेरची सगळी माणसं येऊन राहिली होती. पूर बघायला मात्र पोरं नदीवर नेऊ नका. तक्ता घरातच.

थंडीत गुऱ्हाळ. ओळख काढून जा, सकाळी लवकर, आणि पोरांचे हात धरून, काहील उकळती असते. चरकातून रस, चुलवाणात चिपाडांचा जाळ, रानभेंडीच्या चिकानं वर येणारी मळी, आणि पाक झाला की नाही ते थंड पाण्यात टाकून बघणारा गुळव्या. घरी येऊन धाकट्यानं विचारलं, "त्याला कळतं कसं?" दोन दिवस साखर पाण्यात विरघळवून, उकळवून, करपवून बघितलं. पातेलं एक गेलं.

अंबाबाईचा किरणोत्सव बहुतेक जण दर्शनाला बघतात. तुम्ही आधी गच्चीवरून बघा. सप्टेंबरपासून दर रविवारी सूर्य कुठल्या इमारतीमागं मावळतो ते खडूनं कठड्यावर मांडायला लावा. खुणा डावीकडं सरकत जातात. मावळतीची किरणं महाद्वारातून देवीपर्यंत येतात ती ९, १०, ११ नोव्हेंबरला, पहिल्या दिवशी चरणांवर आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत, ढग आड आले नाहीत तर. २२ डिसेंबरच्या सुमारास सूर्य दक्षिणेकडं जायचा थांबतो, माघारी फिरतो, आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीला त्याच जागी येतो. २२ डिसेंबरपासून दोन्हीकडं मोजलं तर सहा-सहा आठवडे भरतात. हे थोरलीला कॅलेंडरवर बोट ठेवून स्वतःच सापडलं आणि ती अख्ख्या गल्लीत सांगत फिरली. आबांनाही. आबा म्हणाले, "मला साठ वर्षं म्हाईत न्हवतं."

टाउन हॉलच्या संग्रहालयात समुद्रदेव पोसायडनची एक छोटी ब्राँझची मूर्ती आहे, ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खननात मिळालेली. पूर्ण संग्रहालय फिरू नका, पाय दुखतात आणि पोरं चिडतात. त्या एका मूर्तीपुढं थांबा आणि विचारा, ग्रीकांचा समुद्रदेव आपल्या नदीकाठी आला कसा? बाहेर पडून बागेत शेंगा खा.

पायरी ८ : इतर मुलं

"पोरं एकलकोंडी होतील" हे प्रत्येक जण म्हणतं, आणि ते अगदीच खोटं नाही. सकाळी अकराला गल्ली रिकामी असते. आपल्यासारखी दुसरी कुटुंबं गावात थोडी, आणि ज्यांच्याशी विचार जुळतात त्यांच्याशी पोरांचं जुळेलच असं नाही. आम्ही संध्याकाळ राखून ठेवली. पाच ते सात घरात काही ठेवायचं नाही, कारण त्या वेळी शाळेची पोरं बाहेर येतात. थोरली तालमीत जाते, तिथं मुली कमी आहेत पण आहेत. धाकटा गल्लीत क्रिकेट खेळतो, म्हणजे बॉल आणून देतो. गणपतीच्या मंडळात, दहीहंडीला, चुलतभावंडांत दोघांनाही पूर्ण सोडा.

रिक्षावाले, दुकानदार विचारणारच, "आज शाळेला सुट्टी व्हय?" पोरांना घरीच उत्तर ठरवून द्या, नाहीतर ती आपल्या तोंडाकडं बघतात आणि आपण गुन्हेगारासारखे दिसतो. थोरली म्हणते, "मी घरी शिकतो." धाकटा म्हणतो, "माझी झाली."

पायरी ९ : वही आणि खर्च

रोज रात्री तीन ओळी, तारीख घालून. काय वाचलं, काय केलं, काय अडलं. फोटोंवर विसंबू नका, फोन बिघडतो. वर्षाच्या शेवटी ही वही सासऱ्यांना, सर्वेक्षणाच्या गुरुजींना आणि रात्री दोन वाजता घाबरलेल्या स्वतःला दाखवायला लागते.

पैसे फी एवढे लागत नाहीत, पण फुकटही नाही. आमचे जातात ते रंग, कागद, तालमीची वर्गणी, वाचनालय आणि पेट्रोलवर. खरा खर्च माझ्या सुटलेल्या नोकरीचा आहे, आणि तो कुठल्याच वहीत दिसत नाही. महिन्यातून एक रविवार माझा. मी एकटी रंकाळ्याला चक्कर मारते, कुणाला काही शिकवत नाही.

पायरी १० : परतीची वाट

हे शेवटी लिहितेय, पण ठरवायचं पहिल्या दिवशी. शिक्षण हक्क कायद्याच्या चौथ्या कलमानुसार शाळेबाहेरच्या मुलाला वयाप्रमाणे योग्य त्या वर्गात प्रवेश मिळतो, म्हणजे दोन वर्षं घरी राहिलेल्याला पुन्हा पहिलीत बसवायचं कारण नाही. पुढं दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे, १९८९ पासूनची. चौदा वर्षं पूर्ण लागतात, मराठी माध्यम घेता येतं, परीक्षा वर्षातून दोनदा. तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीच्याही पातळ्या त्यांच्याकडे आहेत. आपल्या राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ आहे, आणि बाहेरून परीक्षेला बसायचा बोर्डाचा सतरा नंबरचा फॉर्म तर आपल्या ओळखीतल्या कुणी ना कुणी भरलेलाच असतो. नियम बदलतात, तेव्हा त्या त्या वर्षी विभागीय मंडळात जाऊन विचारा.

कोल्हापुरात शिक्षणतज्ज्ञ लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय ही प्रयोगशील शाळा काढली. शाळा नको म्हणणाऱ्या आईबापांनी अशी शाळा एकदा बघून यावी. आपल्याला शाळा नको होती की ती एक शाळा नको होती, हे तिथं नीट कळतं. आम्ही थोरलीला दर एप्रिलमध्ये विचारतो. पहिल्या वर्षी म्हणाली नको. दुसऱ्या वर्षी म्हणाली, "डबा खायला जायचंय, बाकी नको." या एप्रिलला ती म्हणाली आहे, विचार करून सांगतो.